अकराव्या क्रमांकाचा बावटा : धोक्याची सूचना आणि लोकांची सिद्धता

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा दिवाळीच्या सुमारास ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ असे म्हणण्याची जुनी रूढी आहे. वृत्तपत्रेही हाच शब्दप्रयोग करतात, आणि तो ऐकून होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. या वाक्यातील ‘बावटा’ मात्र वस्तुतः बावटा नव्हे. बंदरातील उंच खांबावर जे चढविले जाई ते फडके नसून दिवसा शंकू व दंडगोल यांच्या आकाराच्या खुणा आणि रात्री तांबड्या व पांढऱ्या दिव्यांची ठरावीक मांडणी असे. लोकभाषेने परकी वस्तू आपल्या ओळखीच्या शब्दात बसवून घेतली आणि तिचा अर्थ आपल्यापुरता ठरविला : दर्यात जाऊ नये. तीन हा आकडा मुळात कशाचा तिसरा आहे, त्याच्या आधी व नंतर काय येते, हे सांगू शकणारे लोक किनाऱ्यावर फार थोडे सापडतील. त्यात त्यांचा दोषही नाही. ही संकेतपद्धती त्यांच्यासाठी रचलेलीच नव्हती.

आपत्तीचा इतिहास बहुधा मृतांच्या आकड्यांनी लिहिला जातो. तोच इतिहास सूचनेच्या अंगाने पाहिला, म्हणजे धोक्याची वार्ता कोणी, कोणत्या शब्दांत, कोणासाठी दिली आणि ती ऐकणाऱ्याला काय करण्याची मुभा होती या प्रश्नांनी तपासला, तर वादळे व अणुवीजकेंद्रांतील अपघात ही दोन अगदी वेगळी भासणारी प्रकरणे एकाच धाग्यात येतात.

त्या धाग्याचे एक टोक कलकत्त्यात आहे. हेन्री पिडिंग्टन हा जहाजाचा कप्तान असलेला इंग्रज गृहस्थ कलकत्त्यास स्थायिक झाला, आणि बंगालच्या उपसागरातील वादळांच्या नोंदी जहाजांच्या रोजनिशांतून जमवू लागला. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील वर्तुळवाचक शब्दावरून, सापाच्या वेटोळ्याची कल्पना मनात धरून, त्याने ते घडविले होते. मराठीतील ‘चक्रीवादळ’ आणि बंगालीतील ‘घूर्णिझड’ ही त्याच कल्पनेची देशी रूपे होत. त्याआधी वादळाला शब्द नव्हते असे नाही. ‘तुफान’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने हिंदुस्थानच्या सर्व किनाऱ्यांवर पोचला होता. परंतु जुने शब्द वादळाचा जोर सांगत आणि पिडिंग्टनचा शब्द त्याची गती सांगे. वारा वर्तुळात फिरतो आणि ते वर्तुळच पुढे सरकते हे एकदा कळले, की वादळ कोणत्या बाजूने जाईल याचा अदमास करणे शक्य होते. पिडिंग्टनने हे ज्ञान केवळ खलाशांपुरते ठेवले नाही. मातला नदीच्या तोंडाशी नवे बंदर वसविण्याचा घाट घातला गेला तेव्हा, ते समुद्राच्या लाटेत वाहून जाईल असे त्याने १८५३ साली गव्हर्नर-जनरलला लिहून कळविले. बंदर वसले, त्यास पोर्ट कॅनिंग हे नाव मिळाले, आणि १८६७ सालच्या वादळाने त्याची वाताहत केली. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ साली, मरण पावला होता.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात पन्नास ते साठ हजार माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य हुगळीच्या काठी लाटेत बुडाली, तर शहराच्या डोळ्यांत भरली ती बंदरातील जहाजांची मोडतोड. पुढच्याच वर्षी, १८६५ साली, कलकत्ता बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. हिंदुस्थानच्या हवामानखात्याची स्थापना १८७५ सालची, म्हणजे खात्याच्या आधी दहा वर्षे इशारा अस्तित्वात आला. तो बंदरासाठी, जहाजांसाठी आणि मालासाठी होता. खाते स्थापन झाल्यानंतर एका वर्षाने, ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री, बाकरगंज जिल्ह्यावर समुद्र चढून आला. सुमारे एक लाख माणसे बुडाली आणि तितकीच नंतरच्या रोगराईत दगावली. त्या प्रदेशाची पाहणी करणारे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल पुढच्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. १८८० पासून मुंबई व त्यानंतर रत्नागिरी, वेंगुर्ला आदी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांना इशारे मिळू लागले, आणि १८९८ साली सर्व बंदरांसाठी एकच संकेतपद्धती ठरली. खेड्यांसाठी मात्र कोणताच खांब उभा राहिला नाही.

ही पद्धती भाषाशास्त्राच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. तीत अकरा संकेत आहेत. पहिले दोन दूरच्या समुद्रातील वादळासंबंधी. तिसरा आणि चौथा स्थानिक : तिसऱ्याचा अर्थ बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याचा संभव, चौथ्याचा अर्थ बंदराला वादळाचा धोका, परंतु टोकाची खबरदारी घेण्याइतका नव्हे. पाच, सहा, सात हे ‘धोक्याचे’ आणि आठ, नऊ, दहा हे ‘मोठ्या धोक्याचे’ संकेत. येथवर आकडा चढत जातो आणि धोकाही चढत जातो असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. पाचव्या संकेताचा अर्थ, वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाईल. सहाव्याचा अर्थ, ते बंदराला उजव्या हाताला ठेवून जाईल. सातव्याचा अर्थ, ते बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. तिन्हींत वादळाचा जोर एकच मानलेला आहे. आठ, नऊ, दहा यांचीही तीच गत. म्हणजे क्रमवाचक आकड्याला येथे दिशावाचक अर्थ दिलेला आहे. नांगरलेल्या जहाजावरील कप्तानाला वारा कोणत्या अंगाने फिरत जाईल हे कळणे जीवनमरणाचे असल्यामुळे त्याच्या दृष्टीने ही रचना चोख होती. किनाऱ्यावरील शेतकऱ्याने ‘पाचाचा सहा झाला’ ऐकले म्हणजे तो धोका एका पायरीने वाढला असे समजणार. आणखी एक गुंतागुंत अशी, की सर्व बंदरांत अकराही संकेत लावले जात नाहीत. लहान बंदरांसाठी तीन, चार, सात, दहा आणि अकरा एवढे पाचच ठेवलेले आहेत. तेथे चारावरून एकदम सात येतो.

विशेष म्हणजे किनाऱ्यावरील माणसालाही दिशेची माहिती हवीच होती. उत्तर गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजव्या अंगाला वारा समुद्राकडून जमिनीकडे लोटतो, आणि पाणी त्या बाजूला चढते. वादळाच्या उजव्या हाताला असलेले गाव बुडण्याचा संभव डाव्या हाताच्या गावापेक्षा अधिक. पाच आणि सहा यांतील भेद हा काही ठिकाणी घर कोरडे राहणे आणि घर वाहून जाणे यांतील भेद आहे. अर्थ संकेतात होता, परंतु तो उलगडून सांगणारा कोणी नव्हता.

राहिला अकरावा. पहिले दहा संकेत वादळाविषयी काही सांगतात, आणि अकरावा मात्र सूचनेविषयीच सांगतो. हवामानकेंद्राशी दळणवळण तुटले आहे आणि हवा बिघडण्याचा धोका आहे असे स्थानिक अधिकाऱ्याचे मत आहे, असा त्याचा आशय. सर्व यादीत हा एकच संकेत असा, की जो वरून येत नाही. तारा तुटतात, आणि नेमक्या वादळातच तुटतात, हे ओळखून योजनाकर्त्यांनी बंदराच्या अधिकाऱ्याला आपल्या डोळ्यांवर व अनुभवावर विसंबण्याचा अधिकार देऊन ठेवला होता. न आलेली बातमी हीही एक बातमी आहे, हे त्यांनी यादीतच नोंदविले. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांच्या व्यवस्थांना पारखण्यासाठी या अकराव्या संकेताइतकी चांगली कसोटी मिळणे कठीण.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली. भोला बेटावरील तझुमुद्दीन या एका ठाण्यात १ लाख ६७ हजार वस्तीपैकी ४५ टक्क्यांहून अधिक लोक गेले. वादळ येत असल्याचे उपग्रहाच्या छायाचित्रांतून दिसले होते आणि आकाशवाणीवरून इशारेही दिले गेले होते. नंतरच्या पाहणीत असे आढळले, की सुमारे नव्वद टक्के लोकांनी वादळाची वार्ता ऐकली होती, परंतु पक्क्या इमारतीचा आसरा घेणारे शेकडा एकाच्या आसपास होते. या आकड्याचा अर्थ ‘लोकांनी ऐकले नाही’ असा लावण्याची सवय आहे. तो अर्थ घाईचा होय. एक तर आसरा घ्यावा अशा पक्क्या इमारती त्या सपाट बेटांवर जवळजवळ नव्हत्याच. दुसरे म्हणजे, घर सोडायचे तर गुरे, भांडीकुंडी आणि दारातले धान्य कोणाच्या भरवशावर सोडायचे हा प्रश्न होता. तिसरे कारण भाषेचे आहे. बंगालीत या संकेतांची नावे अशी : पहिला व तिसरा ‘सतर्क संकेत’, दुसरा व चौथा ‘हुँशियारी संकेत’, पाच ते सात ‘विपद संकेत’, आठ ते दहा ‘महाविपद संकेत’. ‘सतर्क’ हा संस्कृत आणि ‘हुशियारी’ हा फारसी वळणाचा. दोहोंचा अर्थ सावधपणा हाच. त्यांतील अधिक गंभीर कोणता हे शब्द ऐकून ठरविता येत नाही, ते पाठच असावे लागते. ‘महाविपद’ कोणासही कळते खरे, परंतु ते कळल्यावर पायांनी कोठे जायचे हे त्यात नाही.

स्वतंत्र बांगलादेशात १९७२ साली रेडक्रॉसने सुरू केलेला आणि १९७३ पासून शासनाने आपला मानलेला ‘घूर्णिझड प्रस्तुति कर्मसूची’ हा उपक्रम या इतिहासातील खरा टप्पा ठरतो. (बंगालीतील ‘प्रस्तुति’ म्हणजे मराठीतील सिद्धता. मराठी वाचकाने येथे ‘प्रस्तुत’शी गल्लत करू नये.) या उपक्रमाने नवे यंत्र शोधले नाही. गावोगावचे स्वयंसेवक निवडले, त्यांना कर्णे, हाताने फिरवायचे भोंगे व बिनतारी संच दिले, आणि बंदराची भाषा गावाच्या भाषेत आणून सोडण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. चौथ्या संकेताला एक झेंडा, पाच ते सातांना दोन, आठ ते दहांना तीन. डावा-उजवा हा भेद त्यांनी टाकून दिला आणि झेंड्यांची संख्या केवळ धोक्याच्या मात्रेशी जोडली. अर्थाची एक बाजू त्यात हरवली हे खरे, परंतु निरक्षर माणसालाही दुरून मोजता येईल असे चिन्ह मिळाले. कोकणात जी वस्तू बावटा नसताना बावटा म्हणविली गेली ती येथे अशा रीतीने सचमुच फडके होऊन बसली. त्याच काळात गुरांसाठी मातीचे उंच ढिगारे उभारण्यात आले. त्यांना लोक ‘मुजीब किल्ला’ म्हणतात. गाय वाचणार असेल तर शेतकरी घर सोडतो, एवढा साधा विचार त्यामागे आहे, आणि तो कोणत्याही प्रबोधनापेक्षा परिणामकारक होता.

तरीही २९ एप्रिल १९९१ रोजी चट्टग्रामच्या किनाऱ्यावर सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. या वेळी सूचना गावांत पोचली होती. मृतांची वर्गवारी पाहिली असता वीस ते चव्वेचाळीस वयाच्या स्त्रियांत दर हजारी ७१ आणि त्याच वयाच्या पुरुषांत १५ असे प्रमाण आढळले. कारणे उघड आहेत. स्वयंसेवक पुरुष, ते ओरडत बाजारात आणि मशिदीपुढे. घरातील बाईपर्यंत शब्द पोचला तरी नवऱ्याच्या अनुमतीविना मुले घेऊन परक्या पुरुषांनी भरलेल्या आसऱ्यात जाणे तिला शक्य नव्हते. इशाऱ्याला व्याकरणातला प्रथमपुरुष-द्वितीयपुरुष असतो, आणि त्यातील ‘तुम्ही’मध्ये बाई धरलेली नव्हती. नंतरच्या काळात स्त्रियांसाठी निराळ्या खोल्या झाल्या आणि स्त्री-स्वयंसेवक घेण्यात आल्या. आज स्वयंसेवकांची संख्या ७६ हजारांच्या घरात असून त्यांतील निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ सालच्या ‘सिडर’ या अतिशय उग्र वादळात सुमारे ३,४०० माणसे मेली. १९७० शी तुलना केली असता हा आकडा काय सांगतो ते निराळे सांगावयास नको.

ओडिशाची कथा थोडक्यात आटोपता येईल, कारण तिची वळणे हीच आहेत. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. राज्याची राजधानीच कित्येक दिवस किनाऱ्यापासून तुटली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले, आणि १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले तेव्हा जवळजवळ दहा लाख लोक आधीच हलविण्यात आले होते. मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला.

वादळाच्या बाबतीत माणसाची ज्ञानेंद्रिये निदान थोडी तरी साथ देतात. वारा फिरलेला कळतो, समुद्राचा रंग दिसतो, कोळी नुसत्या वासावरून सावध होतो. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. त्यामुळे अणुवीजकेंद्राच्या परिसरातील माणसाला धोका कळण्याचा शब्द हा एकच मार्ग उरतो. शब्द चुकला, लांबला किंवा अडविला गेला, तर त्याला स्वतःच्या अनुभवातून काहीच भरून काढता येत नाही.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथे अपघात झाला. तिसऱ्या दिवशी १,२०० मिलिरेम असा एक आकडा अधिकाऱ्यांत फिरला. तो मोजला होता धुराड्याच्या वर, हेलिकॉप्टरमधून, आणि समजला गेला केंद्राबाहेरच्या वस्तीतला. आकड्याला स्थळ जोडलेले नसले म्हणजे काय होते याचा हा उत्तम नमुना. राज्याचे गव्हर्नर थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया व शाळेत न जाणारी मुले यांनी निघून जावे असा सल्ला दिला, आणि सुमारे १ लाख ४४ हजार माणसे निघून गेली. काहींसाठी दिलेली सूचना सर्वांनी आपल्यासाठी घेतली. यात लोकांचे चुकले असे म्हणता येत नाही. जेथे गर्भाला धोका तेथे आपल्याला मुळीच नाही, हे पटविण्याइतका विश्वास त्या तीन दिवसांत शिल्लक उरला नव्हता. या अपघातानंतर केंद्राभोवती दहा मैलांचे वर्तुळ आखून आतल्या वस्तीसाठी भोंगे व स्थलांतराच्या योजना असणे अमेरिकेत सक्तीचे झाले.

चेर्नोबिल येथे विश्वासाचा प्रश्नच येऊ दिला गेला नाही. स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर झाला. शेजारच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९ हजार लोकांना तो दिवस नेहमीसारखा घालवू देण्यात आला. केंद्रातील नागरी संरक्षणाचे प्रमुख सेराफिम वोरोब्योव यांच्यापाशी मोठी मात्रा मोजणारे उपकरण होते. त्यांनी मोजलेले आकडे केंद्राच्या प्रमुखाने मानले नाहीत. अकरावा संकेत चढविण्याची इच्छा असलेला अधिकारी तेथे होता, परंतु तसा संकेत त्या व्यवस्थेत नव्हता. सुमारे छत्तीस तासांनी, २७ तारखेच्या दुपारी, शहरातील तारेच्या रेडिओवरून निवेदन झाले : शहर ‘तात्पुरते’ रिकामे करण्यात येत आहे, कागदपत्रे व अत्यावश्यक वस्तू घ्याव्यात, घरातील गॅस व पाणी बंद करावे. बसगाड्या हजाराच्या वर आणून ठेवल्या होत्या आणि शहर काही तासांत रिकामे झाले. स्थलांतर म्हणून ते शिस्तीत पार पडले हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘तात्पुरते’ या एका क्रियाविशेषणाने लोकांनी काय बरोबर घ्यायचे आणि काय मागे ठेवायचे हे ठरविले, आणि ते शहर पुन्हा कधीच वसले नाही. जगाला ही वार्ता कळली ती २८ तारखेला, स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रातील उपकरणे वाजल्यानंतर.

घबराट पसरेल म्हणून शब्द दडपण्याची खोड एका राजवटीची नव्हे. अमेरिकेच्या हवामानखात्यात ‘टोर्नेडो’ हा शब्द अंदाजात वापरण्यास १८८० च्या दशकापासून १९३८ पर्यंत मनाई होती. वावटळीने माणसे मरत राहिली, मनाई लोकांच्या मनःशांतीसाठी होती.

वादळ आणि अणुकेंद्र यांची प्रत्यक्ष गाठ २४ ऑगस्ट १९९२ रोजी पडली. ‘अँड्र्यू’ हे वादळ अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या टर्की पॉइंट येथील केंद्रावरून गेले. अणुभट्ट्या आधीच बंद केल्या होत्या आणि किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडले नाही. बाहेरची वीज मात्र पाच दिवसांहून अधिक काळ नव्हती, काही काळ केंद्राचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला होता, रस्ता अडला होता, आणि शेजारचे होमस्टेड गाव भुईसपाट झाले होते. अपघात झाला असता तर ज्या रस्त्यांनी लोकांना न्यायचे, ज्या तारांनी त्यांना सांगायचे, ते सर्व वादळाने अगोदरच नेले होते. दोन आपत्तींच्या दोन योजना वेगवेगळ्या कपाटांत सुरेख दिसतात, आपत्ती मात्र कपाटे पाहून येत नाहीत.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमा येथे हेच घडले. वादळाऐवजी भूकंप व त्सुनामी होती इतकाच फरक. भूकंपानंतर तीन मिनिटांत निघालेल्या पहिल्या इशाऱ्यात फुकुशिमाच्या किनाऱ्यावर तीन मीटर लाट अपेक्षित होती. अर्ध्या तासात तो आकडा सहा आणि मग दहाच्या वर गेला, परंतु वीज गेल्यामुळे पुष्कळांना नंतरचे आकडे कळलेच नाहीत. तीन मीटर ऐकून बंधाऱ्याआड निर्धास्त राहिलेली माणसे त्यात होती. २०१३ पासून जपानने अशा प्रचंड भूकंपाच्या पहिल्या इशाऱ्यात आकडा देणे सोडून ‘अतिप्रचंड’ या अर्थाचा शब्द देण्यास आरंभ केला. अचूक दिसणारा आकडा चुकीचा असू शकतो आणि ढोबळ शब्द खरा असू शकतो, हे त्यांनी मोठी किंमत देऊन स्वीकारले.

अणुकेंद्राच्या संदर्भात तेथे स्थलांतराचे वर्तुळ चोवीस तासांत तीन, दहा व वीस किलोमीटर असे वाढत गेले. अपघाताच्या वेळी सूत्रे हलविण्यासाठी बांधलेले ओकुमा येथील कार्यालय वीज व दळणवळण तुटल्याने निरुपयोगी झाले, आणि १५ मार्चला ते सोडून द्यावे लागले. नामिए या गावाच्या नगराध्यक्षांना स्थलांतराचा आदेश दूरचित्रवाणीवरून कळला. त्यांनी लोकांना वायव्येकडील त्सुशिमा भागात नेले, आणि किरणोत्सर्गी मेघ त्याच बाजूस गेला. वाऱ्याबरोबर तो कोठे जाईल हे वर्तविणारी गणिते शासनापाशी होती. ती १५ तारखेपर्यंत नामिएपर्यंत पोचली नाहीत. फुताबा रुग्णालयातील चाळिसांहून अधिक वृद्ध व अंथरुणाला खिळलेले रुग्ण स्थलांतराच्या हालअपेष्टांत आणि त्यानंतरच्या दिवसांत मेले. फुकुशिमा प्रांतात त्सुनामीने मेलेले सुमारे १,६००, आणि त्यानंतरच्या विस्थापनामुळे मेलेले म्हणून नोंदले गेलेले २,३०० हून अधिक आहेत. ‘निघा’ हा शब्दही मारू शकतो. सिद्धता म्हणजे केवळ लवकर निघणे नव्हे, कोणाला कसे न्यायचे आणि कोणाला काही काळ हलवायचे नाही हे आधी ठरलेले असणे होय.

याच दिवसांत मिहारू नावाच्या लहान गावाने जे केले ते या सर्व इतिहासात उठून दिसते. केंद्राच्या पश्चिमेस चाळीस-पन्नास किलोमीटरांवरील हे गाव कोणत्याही वर्तुळात नव्हते. १५ मार्च रोजी वारा पूर्वेकडून येणार आणि पाऊस पडणार असा अंदाज होता. गळ्यातील ग्रंथीचे रक्षण करणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या गावाने मिळविल्या होत्या, परंतु त्या वाटण्याचा आदेश वरून आला नव्हता. गावाच्या कारभाऱ्यांनी आपापसांत विचार करून चाळिशीच्या आतील सात हजारांहून अधिक लोकांना त्या वाटल्या. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी गोळ्या परत घेण्यास सांगितले. गावाने ते ऐकले नाही. गोळ्यांचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला हा वैद्यकाचा विषय आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की बातमी आली नाही ही गोष्ट त्यांनी बातमी म्हणून वाचली.

महाराष्ट्रात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. दूरध्वनीचे मनोरे व विजेचे खांब पडले, आणि कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही. सूचना चांगली होती, वेळेवर होती, आणि तिच्यामुळे हजारो लोक आधीच शाळांत नेले गेल्याने प्राणहानी थोडी झाली. सूचनेनंतरचे दिवस मात्र गावांना आपापल्या बळावर काढावे लागले. त्याच इशाऱ्याच्या कक्षेत उत्तरेस पालघर जिल्हाही होता. तेथे समुद्राच्या काठी तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे, १९६९ साली सुरू झालेले, देशातील पहिले.

भारतातील नियमांनुसार अशा केंद्राभोवती सोळा किलोमीटरांपर्यंत आणीबाणीची योजना असते. हे अंतर अमेरिकेतील दहा मैलांइतकेच भरते. केंद्राबाहेरची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, आणि केंद्राबाहेरील योजनेचा सराव दोन वर्षांतून एकदा करावयाचा असतो. तारापूरच्या या सोळा किलोमीटरांत किनाऱ्यावरील मांगेल्यांची बोली आहे, आत वारलींची बोली आहे, गुजराती आहे, आणि बोईसरच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेल्या मजुरांची हिंदी आहे. भोंगा या सर्वांना सारखाच ऐकू जाईल. परंतु ‘भोंगा’ हा शब्द मुंबईच्या परिसरात गिरणीच्या पाळीशी जोडलेला आहे, आणि १९७१ च्या युद्धाची आठवण असलेल्यांच्या मनात तो दिवे मालवून घरात बसण्याशी. तो ऐकून दारे-खिडक्या लावून आत राहायचे की मुले घेऊन बाहेर पडायचे, हे त्या आवाजात नाही. ते पाड्यावर, कोळीवाड्यात आणि मजुरांच्या चाळीत, तेथल्या माणसाने तेथल्या शब्दांत आधी सांगितलेले असावे लागते. तारापूरच्या उत्तरेस आणि दक्षिणेस जी लहान मासेमारी बंदरे आहेत तेथील वयस्क कोळ्यांना तीन नंबरचा बावटा माहीत असतो. लहान बंदरांसाठी ठेवलेल्या पाच संकेतांत अकराव्याचाही समावेश आहे.